डोळा मिटलेला थर

शुशानिक म्हणाली, आजोबा, मूळ फोटोला हात लावायचा नाही.
कुलूप आहे त्याच्यावर, बघा, बारीकसं.
मला कसलं दिसतंय.
चव्वेचाळीस वर्षं मी मूळ फोटोलाच हात लावत आलो.
निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डोळ्यांखालचं काळं उजळलं,
पात्यानं खरवडून टकलांची चमक उतरवली,
आणि एकदा पातं घसरलं तेव्हा
एका पोलीस कप्तानाची भुवईच गेली.
तेव्हा मागे घ्यायचं बटण नव्हतं.
पाय धरायचे, एवढंच.

ग्युम्रीत फेब्रुवारी असा की स्टोव्हलाही थंडी वाजते.
दुकान थडग्यांच्या दगडांचं.
काळ्या बसाल्टवर चेहरे कोरतो आम्ही,
म्हणजे आता पुतण्याचं यंत्र कोरतं.
मी चेहरे तयार करून देतो.

ती म्हणाली, काचेवर काच ठेवलीय असं समजा.
मी लवाशची चवड समजलो. चाललं तेही.
पहिला आठवडा भलत्याच थरावर गेला.
रिकाम्या थरावर तासभर खोडत बसलो,
खालचा माणूस आपला हसतोय, हसतोय.
मग मास्क शिकलो:
काळं फासलं की झाकतं, पांढरं फासलं की परत येतं.
खोडायचं नसतं, झाकायचं असतं.
लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर.

प्रत्येक थराशेजारी एक डोळा.
दाबला की मिटतो.
डोळा मिटला म्हणजे माणूस गेला,
आमच्या धंद्यात एवढाच अर्थ.
मी घाबरून हात मागे घेतला.
गेला नाही आजोबा, आहे तिथेच,
फक्त दिसत नाही, ती म्हणाली,
आणि सूर्यफुलाचं बी दातांत फोडलं.
वय वर्षं एकोणीस.

मग आर्पेनिक आली, सेरोबचा एकुलता फोटो घेऊन.
टायरच्या दुकानात, ट्यूब कानाशी धरलेली,
हवा कुठून जातेय ते ऐकताना.
अंगात कोपरं झिजलेला स्वेटर.
सूट घाला म्हणाली. टायसुद्धा. दिराचा आग्रह आहे.
शुशानिककडे एका फोल्डरात
बिनडोक्याचे अठरा सूट आहेत.
सातवा बसला.
सदरा एक थर, टाय एक, कोट एक.
ट्यूब झाकली, कानाजवळचा हात झाकला,
मान मात्र तशीच कलती राहिली.
ती सरळ करायला माझा हात होईना.

आर्पेनिकनं बराच वेळ पाहिलं.
छान आहे, म्हणाली. दीर खूश होतील.
दारापर्यंत गेली, हातमोजे घातले, परत आली.
त्याचा स्वेटर फेकलात का?
मीच विणला होता.

मी माऊस धरला. हात थरथरत होता, म्हाताऱ्याचा थरथरतोच.
कोटाचा डोळा मिटला.
टायचा मिटला.
सदऱ्याचा.
खाली स्वेटर, जसाच्या तसा,
छातीवर एक ओळ वेगळ्या निळ्याची.
लोकर संपली होती तेव्हा, ती म्हणाली,
आणि बोट लावलं स्क्रीनला, हातमोजा काढून.
मग म्हणाली, सूटच राहू दे वर.
आत तो असू दे.

दगडाला एकच थर कळतो,
सगळे एकात दाबल्याशिवाय यंत्र फाईल घेत नाही.
दगड मंगळवारी टेकडीवर गेला.
सेरोब सुटात, मान कलती,
काय ऐकतोय ते कुणाला कळायचं नाही.

न दाबलेली फाईल मी ठेवलीय.
नाव: सेरोब, स्वेटरसकट.
आर्पेनिक अधूनमधून येते, बाजारातून जाता जाता,
काही मागत नाही,
मी आपला एकेक डोळा मिटत जातो.

परवा ती आली आणि वीज गेली.
काळ्या स्क्रीनसमोर दोघं बसून राहिलो.
तिच्या बोटाचा डाग तेवढा दिसत होता काचेवर.
पुसायचा राहिलाय.